शेऱ्याचा रकाना

फाल्गुन शुद्ध पंचमी. आचऱ्याची खाडी.
सुकती साडेनऊची, म्हणजे सातला पाणी
ओढ घेऊ लागलेलं,
आणि मी होडीच्या फळीवर रजिस्टर मांडून बसलेला
एका डोळ्याची दुर्बीण घेऊन.
दुसरी काच गेल्या साली फुटली.
अर्ज केलाय.

खात्याने सहा रकाने छापलेत:
वार, वेळ, पाणी, जात, संख्या, वागणूक.
सातवा शेऱ्याचा, करंगळीएवढा अरुंद.
त्यात आजवर मी 'धुकं' लिहिलंय,
'कुत्रे', 'वाळूचा डंपर',
आणि एकदा 'काही नाही'.

चिखल उघडा पडतो तसा तडतडू लागतो,
तापल्या तव्यावर मीठ टाकावं तसा.
निवटे कोपरांवर उठून बघतात.
लाल नांगीचे खेकडे एकाच हाताने
कुणाला तरी बोलावत राहतात.
चिखल्या ऐंशी. नव्वद. शंभरा–
एक घार सरकली
आणि सगळा हिशेब उडून पैलतीरी बसला.
पुन्हा पहिल्यापासून.

भामाकाकी कुबल गुडघाभर पाण्यात,
कोयतीच्या टोकाने कालवं फोडत.
तिच्याकडे रजिस्टर नाही, नावं आहेत,
माझ्या पुस्तकात नसलेली.
ढुंगण हलवल्याशिवाय पाऊल न टाकणारा तुतवार
तिची करवली.
पाणटिवळे म्हणजे तलाठी,
दुसऱ्याच्या जमिनीत नाक खुपसून उभे.
आणि बाकदार चोचीचा तो कोरल,
डावा पाय आखडलेला, त्याचं नाव बाबल्या.
"सात वर्सां बघतंय तेका.
दसऱ्याक येता, शिमग्याक जाता.
आमचे मुंबैवाले येतत, हे तेवाच जातत.
जागा कमी पडता काय?"

अष्टमीपर्यंत रंग चढू लागले.
कुरवांची डोकी काजळली,
चिखल्यांच्या छातीवर कुणी वीट उगाळून लावली,
तलाठ्यांच्या मानेवर गंज.
सगळे नुसते खात होते, हावरेपणाने,
भरती अंगावर येईस्तोवर.
कुठल्याशा माळावर बर्फ सैल होतोय
ही बातमी इथे, या खाऱ्या चिखलात,
कोण आणून देतं?
त्याला रकाना नाही.

एकादशीला दांड्यावर पाणमांजरांची पावलं,
पाच बोटं, मध्ये पडदा,
आणि काकीचं जाळं कुरतडलेलं.
"हुदान खाल्ल्यान," म्हणाली,
त्याच्या सात पिढ्यांना एक सणसणीत शिवी घातली,
मग उरलेला अर्धा काळुंदर
तिथेच दगडावर ठेवून घरी गेली.
शेऱ्यात मी लिहिलं, 'नुकसान'.
बाकीच्याला जागा नव्हती.

त्रयोदशी. दिवस बुडायला आलेला,
पाणी नुकतं आत वळत होतं.
आधी पाणटिवळे उठले,
एक फेरी मारून परत बसले,
विसरलेलं काही घ्यायला आल्यासारखे.
मग पुन्हा उठले, आणि त्यांच्यामागे चिखल्या,
मग सगळंच, हाका, पंख, हाका,
वर चढत, वाकडीतिकडी रेघ होत,
काटेसावरीवरून, देवळाच्या कळसावरून उत्तरेला.
आकडा लिहायचा तर
दुर्बीण खाली ठेवावी लागते.
मी ठेवली नाही.

सकाळी चिखल नुसता चिखल.
वाडीत ढोल तापवत होते.
पाणटिवळे, शून्य. चिखल्या, शून्य.
शेऱ्यात 'गेले' लिहायला पेन टेकवलं
तेवढ्यात होडीच्या काठावर ओला हात.
काकीला वाचता येत नाही.
"गेले म्हणा नको," तरी ती म्हणाली.
"घरातलो माणूस भायर पडताना काय सांगता?
येतंय सांगता."

मी काही बोललो नाही.
आणि तिवराआडून एकच शीळ,
वर चढत गेलेली, मध्येच तुटलेली.
चिखलात एका पायावर भार देऊन
तो उभा.
काकीने मान वळवली नाही.
कोयती चालत राहिली, जरा जोरात.

कोरल, एक.
लिहून झाल्यावर लक्षात आलं,
तारीख घालायची राहिलीय.